अकरा हजार चारशे शहाऐंशी नावं

पहाटे ५.५०

इमारतीत सहाला पाणी सोडतात, पावणेसातला बंद करतात. ताई दहा मिनिटं आधी उठते. ताई म्हणजे माझी मावसबहीण, वय एक्कावन्न. राहते भाईंदर पश्चिमेला, काम पूर्वेला. आज दिवसभर मी तिच्यासोबत बसणार आहे. "बस की," ती म्हणाली, "पण मी मोजत असले की बोलायचं नाही."

पिंप भरतं. कुकर लागतो. डब्यात चार पोळ्या, भेंडी, लसणाची चटणी. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. रात्रभर कोसळून पाऊस आता दमलाय.

सकाळी ६.५५

रेल्वेचा पूल चढतो. विरारकडून येणारी गाडी भरूनच येते. फलाटावरची माणसं दारातल्या दांड्यावर नजर लावून उभी. ताईला ती गाडी पकडायची नाही. गर्दी पूल चढते तेव्हा ती उतरते. पूर्वेला उतरलं की फुलवाल्या, मग वडापाव, मग गाळे. स्टीलच्या भांड्यांचं हे गाव. टेम्पोत पातेली एकात एक बसवून उभी केलेली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाण्याचं डबकं.

सकाळी ७.१५

पहिल्या मजल्यावरचा गाळा, दहा बाय बारा. भाडं महिना अकरा हजार. शटर अर्ध्यावर अडतं, खांदा लावावा लागतो. समोरच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश करतात. त्याची काळी भुकटी रोज रात्री शटरच्या फटीतून आत येते. म्हणून आधी ओलं फडकं. कीबोर्ड उलटे करून झाडायचे. मग यूपीएसचं बटण.

टेबलावर तीन यंत्रं. एक जुनं, विंडोज एक्सपीचं. त्याला इंटरनेट नाही, कारण ते फक्त जुने फॉन्ट आणि जुने प्रोग्रॅम उघडायला ठेवलंय. दुसरं नवं विंडोज. तिसऱ्यावर लिनक्स, त्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस. भिंतीवर एक तक्ता डकवलाय, कडा पिवळ्या पडलेल्या. इंग्रजी कीबोर्डाची एकेक कळ आणि तिच्यापुढे जुन्या फॉन्टातला आकार, पेनानं काढलेला. अर्धा श. अर्धा ष. काना. रफार. तो तक्ता ताईनं स्वतः बनवला, एकेक कळ दाबून, कागदावर बघत बघत. तिच्या मालकीची सगळ्यात महाग वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी त्या कागदाकडे बोट दाखवीन.

काम असं. एका पतसंस्थेचे ११,४८६ सभासद. त्यांची नावं २००३ साली बनवलेल्या प्रोग्रॅमात आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत मराठी नाही. आत इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांच्यावर मराठी आकारांचा फॉन्ट चढवलेला. फॉन्ट काढला की नुसता कचरा. संस्थेला आता नवं सॉफ्टवेअर घ्यायचंय, ते लिनक्सवर चालतं, शाखांमधून विंडोजवर उघडतं. नावं इकडून तिकडे न्यायची. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. त्याआधी सभासदांची 'जे' नमुन्यातली यादी कार्यालयात ठेवायची. छापील यादी आज संध्याकाळी हवी.

दर नावामागे सव्वा रुपया.

सकाळी ७.४०

वही उघडते. ताई सगळं वहीत लिहिते, निळ्या पेनानं. काल संध्याकाळी मदतनीस मुलीनं नावांची चाचणी-भरती करून पाहिली होती. जाताना आकडा लिहून गेली: ६,०३१.

"जवळजवळ निम्मी माणसं गायब," ताई म्हणते. आवाज चढत नाही. चहाचा पहिला घोट घेते आणि फाइल उघडते.

पंधरा मिनिटांनी तिनं मला जवळ बोलावलं. पडद्यावर एकाच रकान्यात नावांची लांबलचक माळ. सुरुवातीला एक पुष्पा. शेवटी एक विष्णू. मधे एकोणचाळीस माणसं, पत्त्यांसकट, वारसांसकट, त्या एका रकान्यात कोंबलेली.

तिनं भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. जुन्या फॉन्टात अर्धा ष दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळेवर बसतो. पूर्ण ष काढायचा तरी आधी तीच कळ. म्हणजे फॉन्ट बाजूला केला की पुष्पाच्या पोटात एक अवतरणचिन्ह. आणि स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल वाचताना डेटाबेसचा नियम असा, की अवतरण उघडलं की पुढचं अवतरण सापडेपर्यंत सगळं एकच मजकूर धरायचं. ओळ संपली तरी. पुष्पाला उघडलेलं अवतरण विष्णूला मिटलं. मग कृष्णाला उघडलं, ते कुठल्या तरी उषाला मिटलं. यादीभर असंच. यंत्रानं एकही चूक दाखवली नाही. त्याच्या हिशेबी सगळं बरोबर होतं.

"म्हणून मोजायचं," ताई म्हणते. "चूक दाखवली नाही म्हणजे चूक नाही, असं धरायचं नाही."

स्वल्पविरामाच्या जागी टॅब. अवतरणाचा नियम बंद. पुन्हा भरती. वहीत आकडा: ११,४८६. त्याखाली दोन रेघा.

सकाळी ९.१०

आता आकारांची अक्षरं करायची. हे काम तिनं लिहिलेला प्रोग्रॅम करतो. दहा-बारा वर्षं ती त्यात भर घालतेय.

शिर्के हे नाव घ्या. जुन्या फाइलीत ते असं साठलंय: आधी पहिली वेलांटी, मग अर्धा श, मग काना, मग क, मग मात्रा, सगळ्यात शेवटी रफार. सहा कळा. टायपिस्टचा हात ज्या क्रमानं फिरला तो क्रम. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक सारणीत, आपण बोलतो तसं साठवायचं. आधी श, मग वेलांटी, मग र, हलन्त, क, मात्रा. म्हणजे पुढची वेलांटी उचलून श च्या मागे न्यायची. शेवटचा रफार उचलून क च्या पुढे आणायचा. अर्धा श आणि काना मिळून एक पूर्ण श करायचा. इथेही सहाच चिन्हं झाली, पण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सहा बाइटांचे शिर्के अठरा बाइटांचे झाले.

वेलांटी किती मागे न्यायची? पुढे एकटा श असेल तर एक पाऊल. जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. 'स्थिती'तली पहिली वेलांटी स आणि थ दोन्ही ओलांडते. टायपिस्टनं घाईत मात्रा दोनदा मारली असेल, तर पडद्यावर एकावर एक बसून एकच दिसते, फाइलीत दोन असतात. अशा दोनदा मारलेल्या मात्रा ताईनं कालपर्यंत सातशेच्या वर वेचल्यात. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी पगारावर बसून ही नावं भरली. त्याच्या बोटांच्या सवयी तिला आता पाठ आहेत. "हा माणूस अनुस्वार आधी देतो, मग मात्रा," ती म्हणते. "आणि जेवणानंतर जास्त चुकतो."

सकाळी १०.०५

मदतनीस मुलगी येते. नवघरला राहते, बी.कॉम. झाली, पगार चौदा हजार. छत्रीचं पाणी बाहेर झटकते. ६,०३१ ची गोष्ट ऐकून तिचा चेहरा उतरतो. ताई तिला रागवत नाही. पुष्पा आणि विष्णू दाखवते, तक्ता दाखवते, आणि तिच्याकडूनच पुन्हा मोजून घेते.

सकाळी ११.२०

पतसंस्थेचे काका फोनवर. सकाळी ताईनं त्यांना नमुना म्हणून दोनशे नावांची फाइल पाठवली होती.

"मॅडम, सगळं चायनीज आलंय हो."

"काका, पहिलं अक्षर कसं दिसतंय सांगा."

"इंग्लिश ए. त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. पुढे बारीक गोल, त्याला चार काटे. मधे मधे जपानी रुपयासारखं काहीतरी."

ताई हसते. "मराठीच आहे ते. एक्सेलनं चुकीच्या चष्म्यातून वाचलंय."

घडलं ते असं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट. त्यातला पहिला सगळ्यांचा एकच, आणि दुसरा दोहोंपैकी एक. एक्सेलला कुणी सांगितलंच नाही की फाइल यूटीएफ-८ ची आहे. त्यानं विंडोजची जुनी पाश्चात्य चिन्हसारणी धरली आणि एका अक्षराची तीन चिन्हं मांडली. पहिला बाइट म्हणजे रेघवाला ए. दुसरा कधी काटेवाला गोल, कधी येन. त्यामुळे पानभर तोच ए पुन्हा पुन्हा. डेटा जागचा हललेला नाही. एवढ्यात ती फाइल काकांनी सेव्ह केली असती तर मात्र गोष्ट वेगळी होती.

"काका, सेव्ह करू नका. बंद करा. दुसरी पाठवते."

दुसऱ्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची खूण घातली, की एक्सेलला ओळख पटते. ही खूण लिनक्सवर नडते, पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून बसते. म्हणून ताई प्रत्येक फाइल दोनदा काढते. नावातच लिहिते: 'काकांसाठी', 'सर्व्हरसाठी'.

दुपारी १२.१०

समोरचं पॉलिशचं मशीन सुरू झालं की ट्यूब मंद होते. यूपीएस टकटक करतो. त्याची बॅटरी पाच हजार दोनशेला बदलली, गेल्या दिवाळीत.

पतसंस्थेचे हिशेबनीस अजून जुन्या डीबीएफ फाइलीत लाभांश काढतात. त्यांना नावं त्या साच्यात द्यायची. तिथे पहिल्या नावाचा रकाना तीस जागांचा. इंग्रजी तीस अक्षरं मावतात. जुन्या फॉन्टाच्या तीस कळा मावत. आता तीस बाइट म्हणजे देवनागरीची दहा चिन्हं.

ताईनं मला एक नाव मोजायला लावलं. ज्ञानेश्वर. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा. तीस बाइट, काठोकाठ. आता ज्ञानेश्वरी मोजा. अकरा. शेवटची दुसरी वेलांटी बाहेर पडते. बाईचा बुवा झाला.

यादीत अशा चार ज्ञानेश्वरी आहेत. पांडुरंगरावांचा शेवटचा व पडतो, ते निदान डोळ्याला खटकतं. 'ज्ञानेश्वर' कुणाला खटकणार? लाभांशाच्या पावतीवर तसंच छापलं जाईल आणि खिडकीवर तिला सांगतील, बाई, हे तुमचं नाव नाही.

रकाना नव्वदचा केला. हिशेबनिसांना फोन करून त्यांच्याही बाजूला बदलायला लावला. त्यांनी कुरकुर केली. ताई फोनवर शांतपणे उभी राहिली, ते बदलून होईपर्यंत.

दुपारी १.२०

डबा. मदतनीस मुलीनं खालून दोन वडापाव आणले, चाळीस रुपये. मिरची वेगळ्या पुडीत.

जेवताना ताई जुनं सांगते. १९९८ मध्ये ती डीटीपी शिकली. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाच्या कळा वेगळ्या. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडत नसे. खरं तर नियम आधीच होता. भारतीय लिप्यांची सरकारी प्रमाण सारणी, इस्की, १९९१ ची. पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट कार्डं त्यावर चालत. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिची देवनागरी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये बसवली, न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना, टेबलावरच्या कागदी मॅटवर. ताईला ही गोष्ट फार आवडते. "तेव्हाच आपल्या इथे कुणी ती धरली असती," ती म्हणते आणि वाक्य सोडून देते. दुकानांत पुढची वीस वर्षं फॉन्टच चालले. पत्रिका छापायची असेल तर आकार पुरतो. नाव शोधायचं असेल तर पुरत नाही.

दुपारी २.१५

तारखा. सभासद झाल्याची तारीख ०५/०३/९८ अशी लिहिलेली. पाच मार्च. लिनक्सचं यंत्र ज्यानं बसवून दिलं त्यानं लोकेल, म्हणजे देश-भाषेची मांडणी, अमेरिकेचं ठेवलं होतं, सगळे ठेवतात तसं. डेटाबेस पहिल्यांदा उभा करताना पोस्टग्रेस यंत्राचं लोकेल विचारतो आणि त्यावरून तारखेचा क्रम ठरवतो. अमेरिकेत महिना आधी. पाच मार्चचा झाला तीन मे. यंत्रानं काही तक्रार केली नाही.

पकडलं कुणी? पंधरा ऑगस्टनं. कुणीतरी स्वातंत्र्यदिनी सभासद झालेला, १५/०८/९७. पंधरावा महिना नसतो, म्हणून यंत्र अडलं आणि संबंध भरती थांबली. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत आलेली माणसं गुपचूप चुकीच्या महिन्यात गेली असती. बाराव्या दिवसानंतरच्यांनी सगळ्यांना वाचवलं.

आता क्रम बदललाय. तरीही ताई दर महिन्याची संख्या काढून जुन्या यंत्राशी ताडते. बारा आकडे, बारा बरोबरच्या खुणा.

दुपारी ३.००

कटिंग, बारा रुपये. पाऊस परत. खाली टेम्पोवाला ताडपत्री ओढतोय, पातेली वाजतायत.

हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. यादी लावायची.

मराठी माणूस शाळेत वर्णमाला शिकतो. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. शब्दकोश तसाच, हजेरीपट तसाच. संस्थेची हस्तलिखित वहीही तशीच. आता काळे शोधायचे असतील तर कुठे? काशीदच्या पुढे, कासारच्या पुढे. यंत्राला कुणी काही सांगितलं नाही तर ते क्रमांकानं लावतं. आणि युनिकोडात ळ बसलाय ल च्या शेजारी. कारण ही सारणी एकट्या मराठीची नाही. सगळ्या भारतीय लिप्या एकाच मांडणीवर ठेवलेल्या. ल, मग ळ, मग टिंबाचा ळ, मग व. त्यामुळे काळे जातात कालेकरांच्या मागोमाग, काशीदच्या बरेच आधी.

क्ष ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्त, ष असा तीन तुकड्यांत असतो. म्हणून क्षीरसागर जातात क च्या शेपटीला, खरातांच्या आधी.

याला कुणी चूक म्हणणार नाही. यादी पूर्ण आहे. नाव आहे. फक्त माणूस जिथे शोधतो तिथे नाही. साठीचा सभासद कार्यालयात येतो, फाइल उलटतो, शेवटची पानं बघतो, नाव सापडत नाही, परत जातो. ताई म्हणते, "त्याच्यासाठी ते नाव नाहीच."

बरं, क्रम यंत्राच्या भरवशावर सोडावा तर तेही चालत नाही. विंडोजवर मराठीच्या लोकेलचं नाव वेगळं, लिनक्सवर वेगळं, आणि दोघांचे क्रमाचे नियमही आपापले. शिवाय ते बदलतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात क्रमाचे नियम नव्यानं घातले. डेटाबेसची अनुक्रमणिका मात्र जुन्या नियमानं लावलेली. पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं सर्व्हर अद्ययावत केला आणि दुसऱ्या दिवशी फोन: यादी खाली सरकवली की नाव दिसतं, शोधलं की "नाही" म्हणतं. ताईनं एक रात्र बसून सगळ्या अनुक्रमणिका नव्यानं बांधल्या. त्या रात्रीचे पैसे लावले नव्हते. आता लावते.

म्हणून या वेळी क्रम डेटाबेसच्याच आत ठेवायचा. पोस्टग्रेसच्या सोळाव्या आवृत्तीपासून, २०२३ पासून, कोलेशनला, म्हणजे क्रमाच्या नियमावलीला, स्वतःचे नियम जोडता येतात. ताईनं एकच ओळ लिहिली. ह च्या पुढे ळ, त्याच्या पुढे क्ष, त्याच्या पुढे ज्ञ. बस्स. अकरा हजार नावं हलली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. कोणत्याही यंत्रावरून उघडा, क्रम तोच.

एक ओळ. मी घड्याळ बघितलं. लिहायला चार मिनिटं लागली. तपासायला पन्नास.

दुपारी ४.१०

जुळी नावं. कुऱ्हाडे दोनदा. अक्षर अन् अक्षर सारखं, यंत्र म्हणतं दोन वेगळी. मदतनीस मुलगी डोळे बारीक करून बघते. डोळ्यांना कळणार नाही. ऱ्ह मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला खास ऱ. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नाही. दिसायला एक, आत दोन.

मागे एकानं सफाईच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली होती. तेव्हा कुऱ्हाडे झाले कुर्हाडे. अर्धा र उडून ह च्या डोक्यावर रफार बसला. आडनाव मोडलं. ताई काहीही पुसत नाही. दोन्ही प्रकारांचं एकात रूपांतर करते. तसंच वकिलांच्या 'ॲड.' चं. स्वतंत्र ॲ युनिकोडात २००८ मध्ये आला. त्याआधीच्यांनी अ वर चंद्र ठेवून भागवलं.

पत्त्यांत भाईंदर चार तऱ्हांनी: भाईंदर, भायंदर, भाइंदर, भाईन्दर. गावाचं नाव ती एकसारखं करते. माणसांच्या नावाला हात लावत नाही. उत्तनच्या दोन बायका आहेत, एक डिमेलो, एक डिमेल्लो. नाव तेच, पाडा तोच. मदतनीस मुलगी म्हणते, एकच असणार, जोडू का? "विचारल्याशिवाय नाही," ताई म्हणते आणि वहीत लिहून ठेवते.

संध्याकाळी ५.००

उलट ताळा. युनिकोडात आलेली सगळी नावं पुन्हा जुन्या कळांत उलटवायची आणि मूळ फाइलीशी बाइटला बाइट लावून बघायची. बेरजेचा ताळा घेतात तसा. वेचलेल्या दुहेरी मात्रा आणि एकसारखे केलेले पत्ते आधीच टिपून ठेवलेत, ते वगळून. ११,२७२ जुळली. २१४ नाही जुळली. ही डोळ्यांनी वाचायची.

संध्याकाळी ५.४५

काका येतात. प्लास्टिकच्या पिशवीत हस्तलिखित सभासद नोंदवही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. छत्री स्वतःवर कमी, पिशवीवर जास्त धरलेली, उजवा खांदा चिंब. ताई फडकं देते.

वाचन सुरू. काका वहीतून मोठ्यानं वाचतात, मदतनीस मुलगी पडद्यावर बोट ठेवून "हं" म्हणते. हं. हं. हं. अडलं की थांबायचं. "प्रल्हाद, ल ला ह जोडलेला." हं. "म्हात्रे, सगळ्यांत जास्त हेच." हं. समोरचं मशीन बंद झालंय. गाळ्यात फक्त नावं.

२१४ मधली बरीचशी नुसत्या टायपिंगच्या सवयीची, नाव बरोबरच. खऱ्या चुका ३१. त्यातल्या सहा वीस वर्षांपूर्वीच्या, पहिल्या भरतीपासूनच्या. काका त्या सहांजवळ वहीत पेन्सिलीनं टिंब करतात.

संध्याकाळी ७.१०

काका उत्तनच्या शाखेत फोन लावतात. डिमेलो आणि डिमेल्लो. पलीकडून बराच वेळ बोलणं. फोन ठेवतात. "दोघी जावा जावा आहेत. दोघींचे शेअर वेगळे."

मदतनीस मुलगी काही बोलत नाही. बॅग उचलते. ताई तिला रिक्षाचे पन्नास देते, आज उशीर झाला म्हणून.

संध्याकाळी ७.३०

खालच्या झेरॉक्सवाल्याकडे छपाई. पानाला चाळीस नावं, २८८ पानं, दीड रुपयानं चारशे बत्तीस. तो मधे मधे कागद झटकतो, हवा दमट आहे, दोन दोन पानं एकदम ओढली जातात. ताई तिथे उभं राहून पान क्रमांक मोजते.

रात्री ८.०५

गठ्ठा अजून कोमट आहे. काका तो मांडीवर घेतात. चष्मा लावतात. कोणतं नाव बघायचं हे त्यांनी मनात ठरवलेलं दिसतं. ते पहिलं पान बघत नाहीत, मधलं बघत नाहीत. चाळीस वर्षांच्या सवयीनं गठ्ठा उलटा करतात आणि मागून पहिलं पान उघडतात. बोट खाली सरकतं. क्षीरसागर. सहा जण, एकाखाली एक.

"आहेत," काका म्हणतात. मग बरंच मागे जाऊन कासार, आणि कासारच्या पुढे काळे. "माझ्या बहिणीचं सासर." चष्मा काढतात.

हिशेब. ११,४८६ गुणिले सव्वा, चौदा हजार तीनशे सत्तावन्न रुपये पन्नास पैसे. आगाऊ पाच हजार आलेले. काका नऊ हजार तीनशे पन्नासचा चेक काढतात, वरचे साडेसात राहू द्या म्हणतात. छपाईचे चारशे बत्तीस वेगळे, रोख. ताई पावती लिहिते.

रात्री ८.३०

दोन पेन ड्राइव्हवर प्रत. एक गाळ्यात, एक पर्समध्ये. वहीत शेवटची ओळ: ११,४८६, तारीख, सही. यूपीएस बंद. शटर खाली येताना पुन्हा अर्ध्यावर अडतं. मी खांदा लावतो.

पुलावर विरारकडून नाही, चर्चगेटकडून आलेली गर्दी उतरतेय. ताई कठड्याला धरून एका बाजूनं चढते, पर्स पोटाशी. पश्चिमेला कोळीण टोपलं आवरत होती. शेवटचा वाटा मांदेलीचा, ऐंशीला. ताईनं सत्तर दिले आणि घेतला.